कडीपाटावरचं न्हाणीघर आणि भिंतीची टाइल: ठाण्यातल्या एका घराचं प्रकरण

चरई, खारकर आळी, उथळसर, महागिरी या जुन्या ठाण्याच्या भागांत वरचा मजला लाकडाचा असलेली घरं अजून थोडी उरली आहेत. खाली दगड-विटांचं जोतं, त्यावर सागाचे खांब, खांबांच्या मधल्या जागेत वीट आणि चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौलं. मधला मजला म्हणजे कडीपाट: तुळया आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या. या घरांत न्हाणी आणि संडास परसात असायचे. आता घरातली वडीलधारी माणसं ऐंशीच्या पुढे गेली, गुडघे जिना उतरू देत नाहीत, आणि प्रत्येक घरात तोच प्रश्न येतो की वरच न्हाणीघर करता येईल का. करता येतं. पण ते स्लॅबच्या इमारतीतल्यासारखं करून चालत नाही. हे प्रकरण चरईतल्या अशाच एका घराचं आहे आणि त्यातला मुख्य प्रश्न भिंतीच्या टाइलचा होता.

वरच्या मजल्यावरच्या खोलीचा एक भाग अडवून चार फूट बाय सहा फुटांचं न्हाणीघर दोन वर्षांपूर्वी बांधलेलं होतं. सहा फुटांची एक बाजू घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून, बाकी तीन बाजूंना नव्या आडभिंती. आधीच्या कंत्राटदाराने फळ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरून दोन इंच सिमेंट-वाळूचा थर टाकला होता आणि त्यावर फरशी बसवली होती. आडभिंतींना लाकडी चौकट, तिला कोंबडीजाळी ठोकून सिमेंटचा गिलावा. बाहेरच्या भिंतीचा चुना खरवडून खांब, वीट सगळ्यावरून सलग सिमेंट फिरवलं होतं. मग सात फूट उंचीपर्यंत चारी बाजूंनी टाइल, मागे सिमेंटचा माल, सांध्यांत पांढरं सिमेंट. काम दिसायला स्वच्छ होतं. ओळंबा लावून पाहिला तर भिंती सरळ होत्या, त्यामुळे कारागीर कच्चा होता असं मला म्हणता येणार नाही.

पहिल्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीच्या सगळ्यात खालच्या ओळीतल्या दोन टाइला तडकल्या. घरच्यांनी बादली आपटली असेल असं समजून सोडून दिलं. उन्हाळ्यात त्याच ओळीखालचा सांधा उघडला, कागद आत जाईल इतका. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छतावर तपकिरी डाग उमटला आणि फळ्यांना कुबट वास यायला लागला, तेव्हा मला बोलावलं.

भेगांनी काय सांगितलं

अशा ठिकाणी मी हातोडा घेण्याआधी भेगा बघतो, कारण टाइल कुठे आणि कशी फुटली यावरून खालचं लाकूड काय करतंय ते कळतं. इथे तीन खुणा होत्या. बाहेरच्या भिंतीवर जमिनीलगतच्या ओळीत मधोमध टाइला पोटातून फुगून उठल्या होत्या, म्हणजे खालून वर दाब आला होता. त्याच भिंतीवर एक उभी भेग सरळ वर गेली होती आणि तिच्यामागे ठोकून पाहिलं तर नेमका खांब होता. तिसरी खूण घरच्यांच्या लक्षातच आली नव्हती. बाहेरची भिंत आणि आडभिंत मिळतात त्या कोपऱ्यात दोन्हीकडच्या ओळींचे आडवे सांधे एका रेषेत नव्हते. आडभिंतीकडचे सांधे साधारण तीन मिमी खाली होते. बसवताना ते एका रेषेतच असणार. इतकं सरळ काम करणारा गवंडी कोपऱ्यात तीन मिमी चुकत नाही.

आडभिंत वरच्या मजल्याच्या जमिनीवर उभी आहे, ती जमीन खाली गेली आणि तिच्याबरोबर आडभिंतही गेली. बाहेरची भिंत खांबांवर आहे, ती जागची हलली नाही.

या घराचे खांब पायापासून छपरापर्यंत एकसंध आहेत. मजल्याच्या तुळया बाहेरच्या भिंतीला समांतर जातात आणि दोन्ही टोकांना बहालांवर, म्हणजे मोठ्या आडव्या तुळयांवर, बसतात. तुळई तीन इंच बाय सात इंच, गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साधारण तीन मीटर. भिंतीजवळची पहिली तुळई भिंतीपासून वीतभर आत आहे. म्हणजे जमीन आणि बाहेरची भिंत एकमेकांना लागून आहेत खऱ्या, पण त्यांना जोडणारं काही नाही. त्या स्वतंत्रपणे हलतात आणि त्या हलण्याची कारणं दोन आहेत.

पहिलं कारण हवा. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता बरेच दिवस ८५ टक्क्यांवर असते. अशा हवेत लाकडाचा ओलावा हळूहळू सतरा-अठरा टक्क्यांकडे जातो. हिवाळ्याच्या शेवटी दुपारची हवा कोरडी असते तेव्हा तो दहाच्या जवळ येतो. जाड तुळया एवढा सगळा फरक दाखवत नाहीत, त्यांच्या गाभ्यापर्यंत पोचायला हवेला महिने लागतात; तरी तीन-चार टक्क्यांचा चढउतार होतोच. सागासारखं स्थिर लाकूडही ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे रेषांच्या आडव्या दिशेने ०.१ ते ०.२ टक्के फुगतं. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ फुगत नाही. आता हिशेब करा. सात इंचांची तुळई आणि तिच्याखाली नऊ इंचांचं बहाल मिळून चारशे मिमी लाकूड आडवं पडलेलं आहे. ते पावसाळ्यात दोन मिमीच्या आसपास उंच होतं. शेजारचा खांब मात्र उभा आहे, त्याची उंची आहे तेवढीच राहते. जमीन वर येते, भिंत येत नाही, आणि जमिनीवर टेकलेली टाइलची ओळ मध्ये चिरडली जाते. एप्रिलमध्ये तीच जमीन खाली बसते आणि सांधा उघडतो.

दुसरं कारण वजन. कोपऱ्यात दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम होता. सकाळी पाणी आलं की तो भरायचा, संध्याकाळपर्यंत रिकामा. खालच्या खोलीत तुळईच्या मध्यावर खूण करून रिकामा ड्रम आणि भरलेला ड्रम अशी दोन्ही मापं घेतली, तर फरक पावणेदोन मिमी आला. आयएस ८८३ या लाकडी बांधकामाच्या भारतीय मानकात टाइलसारखा ठिसूळ माल पेलणाऱ्या तुळयांना गाळ्याच्या एक तीनशेसाठांश वाक चालतो. तीन मीटरला तो सव्वाआठ मिमी होतो. म्हणजे ड्रममुळे येणारा रोजचा वाक त्या मर्यादेच्या बराच आत होता. मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण अशा घरांना बघून लोक लगेच "लाकूड गेलं, आता पाडा" म्हणतात. लाकूड आपलं काम नीट करत होतं. ठिसूळ टाइल दोन स्वतंत्र वस्तूंना घट्ट बांधून ठेवली होती, दोष तिथे होता.

आधीच्या कामाचं वजनही मोजलं. दोन इंचांचा माल म्हणजे चौरस मीटरला शंभर किलोच्या वर, त्यावर फरशी. आडभिंतींचा गिलावा, टाइलमागचा माल आणि टाइल धरून चौरस मीटरला ८५ किलोच्या जवळपास. तीन आडभिंतींवर दार वगळून सात चौरस मीटरहून जास्त टाइल होती. सगळं मिळून जमिनीवर नऊशे किलोच्या आसपास कायमचं ओझं आणि वर भरलेला ड्रम. एका चार बाय सहाच्या खोलीत टनाहून जास्त.

काढल्यावर काय सापडलं

घराची संरचनात्मक तपासणी आधी झालेली होती. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्याप्रमाणे ती करावीच लागते. घर 'सी-२ ब' वर्गात होतं, म्हणजे रिकामं न करता दुरुस्ती चालेल असं. घरमालकाची लेखी संमती घेतली आणि दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण गेल्यावर, तोडायला घेतलं. पावसाळ्यात असं काम उघडू नये. ओलं लाकूड झाकलं की ते आतल्या आत कुजतं.

फरशीखालचा प्लास्टिकचा कागद खिळ्यांनी ठिकठिकाणी फाटलेला होता आणि त्यातून गेलेलं पाणी माल आणि फळी यांच्यामध्ये साठून राहिलं होतं. न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे सांडपाणी जायच्या तोंडाच्या, आजूबाजूच्या फळ्या हाताने मोडल्या. भिंतीजवळच्या तुळईची वरची बाजू फूटभर लांबीत मऊ झाली होती, पेचकस दाबला की पाऊण इंच आत जायचा. ओलावा मापकावर तिथे २२ टक्के आणि हातभर पलीकडे १४. वीस टक्क्यांखाली लाकडाला कुजवणारी बुरशी वाढत नाही, म्हणजे कूज गळतीच्या जागेपुरतीच होती.

सुतारकाका संगमेश्वरकडचे. त्यांनी मऊ भाग तासून काढला, तुळईला बोरिक-बोरॅक्सचं पाणी पाजलं आणि शेजारी त्याच उंचीची जुनी सागवानी तुळई बोल्टने जोडली. नवं लाकूड घ्यायचं नाही हा त्यांचा आग्रह होता आणि तो योग्य होता. पाडलेल्या वाड्यांतली तुळई पन्नास-साठ पावसाळे खाऊन बसलेली असते, ती आता वळत नाही. तुळयांच्या मध्ये ठिकठिकाणी आडवे ठोकळे बसवले. दोन तुळयांच्या मधल्या फळीवर आडभिंत उभी राहत होती, तिथे ठोकळे जवळजवळ घातले. नंतर तोच ड्रम भरून पाहिला तेव्हा वाक पाऊण मिमीवर आला होता.

जमिनीला टाइल लावायचीच नाही असं ठरवलं. १८ मिमीचं मरीन प्लायवूड, त्याला ट्रॅपकडे उतार देणाऱ्या निमुळत्या पट्ट्या, आणि वरून फायबरग्लासचं अस्तर. कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांना फायबर चढवतात तसंच हे काम, आणि होड्यांवर काम केलेला कारागीरच ते करायला मिळाला. वरच्या थरात बारीक वाळू पेरून पाय घसरणार नाही असा खडबडीतपणा आणला. अस्तर भिंतींच्या बाजूला सहा इंच वर वळवलं. मग ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवलं आणि खालच्या खोलीत दोन दिवस छतावर नजर ठेवली. कोरडं राहिलं. याआधी भिंतीला हात लावला नाही.

भिंत: टाइल कशाला टांगायची

घरच्या सुनेला मोठ्या, चार बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड (काचेसारख्या घट्ट भाजलेल्या) टाइल हव्या होत्या. सांधे कमी, पुसायला सोपं, तिचं म्हणणं समजण्यासारखं होतं. "ताई, दुकानात खोकं काट्यावर ठेवायला सांगा," एवढंच म्हटलं. तिथे वजन आणि क्षेत्रफळ दोन्ही बघितलं तर मोठी टाइल चौरस मीटरला वीस किलोच्या वर भरत होती. ३०० बाय ४५० मिमीच्या साध्या सिरॅमिक टाइलचं खोकं, सहा नगांचं, ०.८१ चौरस मीटरचं, साधारण बारा किलो. म्हणजे चौरस मीटरला पंधराच्या आत. फरक नुसत्या वजनाचाच नाही. मोठी टाइल एकाच वेळी जास्त जागेला बांधून ठेवते, तिच्यामागची चौकट जरा हलली तर ताण घ्यायला सांधेच नसतात. शिवाय भिंतीच्या साध्या टाइलची पाठ पाणी शोषते आणि मसाला, म्हणजे टाइल चिकटवायचा तयार लेप, चांगला धरते. शेवटी मोरबीची पांढरी, साधी, ३०० बाय ४५० ठरली. आंघोळीच्या बाजूला सात फूट उंच, बाकी ठिकाणी चार फूट. त्याच्या वर आडभिंतींना बोर्ड आणि रंग, बाहेरच्या भिंतीला पुन्हा चुना.

बाहेरच्या भिंतीवर पुन्हा गिलावा करायचा मोह सगळ्यांना होता. पण खांब आणि वीट हे दोन वेगळे पदार्थ. त्यांवर सलग सिमेंट फिरवलं की खांबाच्या कडेने भेग येणारच, आणि ती वर लावलेल्या टाइलमधून बाहेर पडते. दुसरी गोष्ट अशी की चुन्याची भिंत पावसाळ्यात बाहेरून ओली होते आणि आतून वाळते. तिच्यावर सिमेंट आणि टाइलचं झाकण घातलं की पाणी खांबात जाऊन बसतं. म्हणून खरवडलेल्या जागी चुन्याचा गिलावा परत केला आणि टाइल भिंतीला न लावता तिच्या पुढे एक वेगळा पडदा उभा केला.

खांबांना आणि वरच्या बहालाला, फक्त त्यांनाच, दोन इंच खोलीच्या वाळवीरोधक प्रक्रिया केलेल्या पट्ट्या ठोकल्या. विटेत एकही खिळा नाही. पट्ट्यांवर १२ मिमीचे फायबर सिमेंटचे बोर्ड, स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी आठ-आठ इंचांवर. जिप्सम बोर्ड अशा जागी नको, कागद आणि जिप्सम दोन्ही पाण्याने मऊ पडतात. नुसत्या प्लायवूडवर टाइलही नको, ते ओलाव्याने फुगतं आणि सिमेंटचा मसाला त्याला मनापासून धरत नाही. बोर्डांमध्ये तीन मिमी फट, तिच्यावर क्षाररोधक फायबरजाळीची पट्टी. मागची दोन इंचांची पोकळी वर छपराखाली उघडी ठेवली, म्हणजे भिंतीचा ओलावा तिकडून निघून जाईल. पाण्याचे पाइपही त्याच पोकळीतून नेले आणि बोर्ड लावण्याआधी रात्रभर दाबाखाली ठेवून तपासले.

या पडद्याचा खालचा शेवट हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. पडदा खांबांना टांगलेला आहे, तर फायबरच्या जमिनीची वर वळवलेली कड जमिनीबरोबर हलते. त्या दोघांना जोडायचं नाही, पण पाणीही आत जाऊ द्यायचं नाही. म्हणून पट्ट्या जमिनीपासून सात इंचांवर थांबवल्या आणि त्यांच्या खालच्या टोकांना एक आडवी पट्टी दिली. खाली प्लायवूडच्या आधारावर उभी असलेली जमिनीची सहा इंची कड तिथे मोकळी राहिली, वरच्या कशालाही न शिवता. बोर्ड मात्र तिच्या पुढून खाली उतरला आणि जमिनीच्या दहा मिमी वर थांबला. बोर्ड आणि कड यांच्यामध्ये मऊ फोमची पट्टी. कौलाची वरची रांग खालच्या रांगेवर चढते तसंच हे: वरचं खालच्याच्या पुढे येतं, पाणी कधी उलटं चढत नाही, आणि दोन्ही आपापल्या जागी हलू शकतात. खालचा सिलिकॉनचा सांधा उद्या फाटला तरी मागची कड पाण्याला लाकडापर्यंत जाऊ देणार नाही. माझ्या मते लाकडी मजल्यावरच्या न्हाणीघरात सिलिकॉनवर एकट्यावर कधीही विसंबू नये.

आडभिंतींची गोष्ट सोपी. त्या जमिनीवरच उभ्या आहेत, जमिनीबरोबर वरखाली होतात, त्यामुळे त्यांच्या तळाशी पाच मिमीची फट पुरते. त्यांचं हलणं दिसतं ते बाहेरच्या भिंतीशी मिळणाऱ्या उभ्या कोपऱ्यात. म्हणून तिथे बोर्ड बोर्डाला स्क्रूने बांधला नाही, जाळीची पट्टीही नाही; सहा मिमी उभी फट तळापासून वरपर्यंत मोकळी ठेवली. लाकडी घरात काम करणारे चांगले कारागीरही तळाच्या सांध्याची काळजी घेतात आणि हा उभा कोपरा ग्राउटने, म्हणजे टाइलचे सांधे भरायच्या कडक मालाने, भरून टाकतात. आधीच्या कामातले तीन मिमी उतरलेले सांधे त्याच कोपऱ्यात होते.

बोर्डांवर आंघोळीच्या बाजूला दोन घटकांचं लवचिक वॉटरप्रूफिंग, दोन हात, एक आडवा आणि एक उभा. स्क्रूची डोकी आणि पाइपांची तोंडं आधी हाताने भरून घेतली.

टाइल लावताना

टाइल मिस्त्री अनुभवी होता, वीसेक वर्षं स्लॅबच्या इमारतींमध्ये काम केलेला. त्याने सवयीने टाइला पाण्याच्या टबात टाकायला घेतल्या. सिमेंटच्या मालासाठी ते बरोबर आहे, नाहीतर कोरडी टाइल मालातलं पाणी ओढून घेते. तयार मसाल्यात पाणी धरून ठेवणारी द्रव्यं असतात. भिजलेल्या टाइलच्या पाठीवर मात्र पाण्याचा पापुद्रा राहतो आणि पकड कमी होते. टाइला पुसून कोरड्या फडक्यावर मांडल्या. मसाला आयएस १५४७७ या टाइलच्या मसाल्यांच्या मानकातल्या प्रकार ३ चा, पिशवीवर 'एस १' लिहिलेला, म्हणजे सुकल्यावरही थोडा वाकणारा. साधा मसाला स्वस्त पडतो, पण लाकडी चौकटीवरच्या बोर्डला तो चालत नाही.

मग खरा वाद झाला.

"साहेब, खालची ओळ जमिनीवर टेकवल्याशिवाय वरच्या ओळी धरणार कशा? सगळ्या घसरतील."

"पट्टीवर धरा. खालची ओळ सगळ्यात शेवटी."

"शेवटी? मग ती कापत बसावी लागेल."

सुतारकाका पलीकडून म्हणाले, "मिस्त्री, जमीन बघा एकदा, सरळ आहे का?"

पाण्याची लेव्हल नळी धरली. सहा फुटांत चौदा मिमीचा फरक होता, थोडा मुद्दाम दिलेल्या उताराचा, बराचसा जुन्या मजल्याच्या वयाचा. जमिनीवरून सुरुवात केली असती तर पहिलीच ओळ तिरकी आणि तिच्या मागे सगळी भिंत तिरकी. नाहीतर टाइलखाली सिमेंटचे गोळे भरून लेव्हल करावी लागली असती, म्हणजे टाइल पुन्हा जमिनीला बांधली गेली असती. जमिनीची सगळ्यात खोल जागा शोधली. तिथून ३०० मिमीची एक आडवी टाइल आणि आठ मिमी फट एवढ्या उंचीवर चारी भिंतींवर एकच रेषा मारली. त्या रेषेला वरची कड येईल अशी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी बोर्डला स्क्रूने बसवली. दुसरी ओळ त्या पट्टीवर टेकवून काम वर नेलं. मिस्त्रीचा हात एकदा बसल्यावर वेग चांगला आला.

मसाला बोर्डवर आधी थापीच्या सपाट बाजूने घासून घेतला, मग आठ मिमी दातांच्या थापीने आडव्या सरळ रेघा ओढल्या. गोल-गोल फिरवलेल्या रेघांत हवा अडकते. गवंडी टाइलच्या पाठीवर पाच गोळे ठेवून ती दाबून बसवतात, तशी बसवलेली टाइल ठोकली की पोकळ वाजते आणि त्या पोकळीत पाणी जाऊन बसतं. दोन-तीन टाइला लावल्यावर एक लगेच उचकटून पाहिली. पाठीवर मसाला कोपऱ्यांपर्यंत पसरलेला होता. पंखा बंद ठेवायला सांगितलं. वाऱ्याने मसाल्यावर साय धरली की टाइल वरवर चिकटते, नंतर सुटते. खांबाच्या रेषेवर सांधा येईल अशी टाइल मांडणी केली होती, म्हणजे चौकट थोडी हललीच तर ताण टाइलच्या पोटात न येता सांध्यात येईल.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि खालची ओळ कापायला घेतली. प्रत्येक टाइल वेगळी, पहिली जवळजवळ पूर्ण, शेवटची चौदा मिमी कापलेली. खाली बाहेरच्या भिंतीला आठ आणि आडभिंतींना पाच मिमीचे प्लास्टिकचे तुकडे ठेवून त्यांवर टाइला टेकवल्या. मसाला सुकल्यावर ते तुकडे सगळे काढले. हे तपासावंच लागतं. एक जरी तुकडा आत राहिला तरी जमीन तेवढ्या जागी टाइलला ढकलते. फटीत उतरलेला मसालाही खिळ्याने खरवडून काढला.

सांधा किती आणि कधी भरायचा

आठ मिमी ही रुंदी अंदाजाने घेतलेली नाही. चांगलं सिलिकॉन आपल्या रुंदीच्या पंचवीस टक्के ताणलं किंवा दाबलं जातं. आठ मिमीच्या सांध्यात म्हणजे दोन मिमी वर आणि दोन मिमी खाली. हवेमुळे दोन मिमी, वजनामुळे आता पाऊण. एकूण पावणेतीन, आणि उपलब्ध चार. पाच मिमीचा सांधा इथे अडीचच देतो.

पण हा हिशेब तेव्हाच लागू पडतो जेव्हा सांधा मधल्या स्थितीत भरलेला असतो. जमीन पूर्ण फुगलेली असताना ऑगस्टमध्ये भरला तर त्याला पुढे फक्त ताणच मिळतो आणि एप्रिलमध्ये तो कडेने सुटतो. आमचं काम नोव्हेंबरच्या शेवटी त्या टप्प्यावर आलं, लाकूड अर्धं वाळलेलं. भरायच्या दिवशी ड्रम अर्धा भरून जागेवर ठेवला आणि सिलिकॉन पूर्ण सुकेपर्यंत तसाच राहू दिला.

फटीत आधी फोमची गोल दोरी दाबून बसवली. तिच्यामुळे सिलिकॉन वर टाइलला आणि खाली जमिनीला एवढ्या दोनच बाजूंना चिकटतं, पाठीला नाही. तीन बाजूंना चिकटलेलं सिलिकॉन ताणलं जात नाही, फाटतं. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं, बुरशीरोधक. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटच्या बोर्डाजवळ वापरू नये. उभे कोपरे, पाइपांभोवतीची फट, दाराची चौकट इथेही तेच. बाकी सांध्यांत पॉलिमर मिसळलेला ग्राउट. पांढरं सिमेंट वर्षभरात चिरतं आणि काळंही पडतं.

दोन तक्रारी आल्या. आजींना खालचा सांधा आवडला नाही. "एवढं रबर दिसतंय ते, टाइल खाली का नाही नेली?" त्यांना हाताला धरून तिथे नेलं आणि पावसाळ्यात जमीन वर येते ते समजावलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या लग्नापासून या घराची दारं श्रावणात अडकतात, म्हणजे जमीनही तशीच असणार. त्यांना कुठलाही हिशेब दाखवावा लागला नाही.

दुसरी तक्रार ड्रमची होती. तो कायमचा तळमजल्यावर न्यावा असं मी सुचवलं होतं. वर पाणी दोनच तास येतं, त्यामुळे घरच्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. शेवटी शंभर लिटरचे दोन लहान ड्रम घेतले आणि ते दोन्ही टोकांना, तुळया बहालांवर टेकतात तिकडे ठेवले. गाळ्याच्या मध्यावरचं वजन त्यामुळे बरंच कमी झालं.

पुढच्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, खालचा सांधा व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, मोजला तेव्हा तो मधोमध सव्वासहा मिमी होता. मे महिन्यात तोच साडेआठच्या जवळ होता. म्हणजे जमीन जशी हलायची तशीच हलते आहे, आणि टाइला शाबूत आहेत. एका उभ्या कोपऱ्यात वीतभर लांबीत सिलिकॉन टाइलपासून सुटलं होतं. तिथे भरण्याआधी कापलेल्या टाइलची धूळ पुसायची राहिली होती. ते कापून काढलं, कडा स्पिरिटने पुसल्या आणि नव्याने भरलं. मागच्या लाकडाचा ओलावा तेव्हा सोळा टक्के होता. घरच्यांना दोन गोष्टी लिहून दिल्या आहेत: दर वर्षी मे महिन्यात सगळ्या सिलिकॉनवरून बोट फिरवून पाहायचं, आणि कोणीही रंगारी किंवा प्लंबर आला तरी खालची फट सिमेंटने भरू द्यायची नाही.